क्लॉड कोडला लिनिअर जोडताना : वाचण्याची मुभा आणि लिहिण्याची परवानगी

क्लॉड कोड हा ॲन्थ्रॉपिकचा टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) चालणारा एआय एजंट आणि लिनिअर हे उत्पादनाच्या कामाचे नियोजन व नोंद ठेवणारे साधन, या दोघांची कमांड लाइनवरून केलेली जोडणी आमच्या संघात आता चांगली रुळली आहे. पुण्यात बसून आम्ही सहकारी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार करतो. शाखांकडून येणाऱ्या तक्रारी बहुतेक मराठीत असतात, कोड इंग्रजीत असतो आणि या दोहोंमधला दुवा म्हणजे लिनिअरमधले इश्यू, अर्थात एकेका तक्रारीची किंवा कामाची नोंद. या वापरावरून माझे मत असे झाले आहे, की इश्यू वाचणे, शोधणे आणि कोडशी ताडून पाहणे यासाठी ही जोडणी अत्यंत उपयोगी आहे आणि ती करून पाहण्यासारखी आहे. मात्र एजंटाला लिनिअरमध्ये लिहिण्याची सरसकट परवानगी देऊ नये, आणि नीट मांडणी केली तर ती देण्याची फारशी गरजही पडत नाही.

ज्यांनी ही साधने वापरलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. लिनिअर हे 2019 मध्ये सुरू झालेले साधन आहे. जिरा या अशाच दुसऱ्या साधनाच्या तुलनेत त्यात रकाने आणि फॉर्म कमी आहेत, कीबोर्डवरून भराभर काम करता येते, आणि इश्यू, प्रोजेक्ट व सायकल (ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा) अशी त्याची सुटसुटीत रचना आहे. क्लॉड कोड फेब्रुवारी 2025 मध्ये प्राथमिक स्वरूपात आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वांसाठी खुला झाला. या दोघांना जोडणारा धागा म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी. नोव्हेंबर 2024 मध्ये ॲन्थ्रॉपिकने तो खुला केला. एजंटाने बाहेरच्या साधनाला काय विचारायचे, त्या साधनाने आपल्याकडे कोणकोणत्या क्रिया उपलब्ध आहेत हे कसे कळवायचे आणि उत्तर कोणत्या स्वरूपात द्यायचे, याचे नियम त्यात ठरलेले आहेत. लिनिअरने स्वतःचा एमसीपी सर्व्हर 2025 मध्ये उपलब्ध करून दिला. तो लिनिअरच्याच यंत्रणेत चालतो, त्यामुळे आपल्या संगणकावर वेगळे काही बसवावे लागत नाही.

जोडणीचे प्रत्यक्ष काम एका ओळीचे आहे. टर्मिनलमध्ये ‘क्लॉड एमसीपी ॲड’ ही कमांड द्यायची, तिला ‘ट्रान्सपोर्ट’ या पर्यायापुढे ‘एचटीटीपी’ हे मूल्य द्यायचे, मग सर्व्हरसाठी आपल्या पसंतीचे एक नाव आणि शेवटी लिनिअरचा पत्ता लिहायचा. तो पत्ता ‘एमसीपी डॉट लिनिअर डॉट ॲप’ असा असून पुढे तिरकी रेघ आणि पुन्हा ‘एमसीपी’ असे येते. त्यानंतर क्लॉड कोड सुरू करून तिरकी रेघ आणि ‘एमसीपी’ असे टाइप केले, की जोडलेल्या सर्व्हरांची यादी दिसते. तिथून लिनिअर निवडले की ब्राउझर उघडतो, आपण आपल्या खात्याने संमती देतो आणि टर्मिनलकडे परत येतो. ‘क्लॉड एमसीपी लिस्ट’ ही कमांड देऊन जोडणी लागली आहे की नाही हे तपासता येते. इंटरनेटवरच्या अनेक जुन्या मार्गदर्शकांत ‘एसएसई’ या पद्धतीने जोडायला सांगितलेले आढळते. प्रोटोकॉलच्या मार्च 2025 च्या आवृत्तीपासून ती पद्धत मागे पडली आहे, म्हणून नव्याने जोडणाऱ्यांनी एचटीटीपीचाच मार्ग धरावा.

इथपर्यंत सगळे सोपे आहे, आणि म्हणूनच पुढचा विचार न करता अनेक जण इथेच थांबतात. ब्राउझरमधून संमती दिल्यावर एजंटाला जे अधिकार मिळतात ते आपल्या स्वतःच्या खात्याचे असतात. आपल्याला जे इश्यू दिसतात ते त्यालाही दिसतात, आपण जे बदलू शकतो ते तोही बदलू शकतो, आणि त्याने केलेला बदल आपल्या खात्यातून झालेला असतो. ज्या संघात उत्पादन व्यवस्थापकाला सर्व विभागांचे इश्यू खुले असतात, तिथे ही बाब किरकोळ राहत नाही. यावर लिनिअरनेच एक चांगला मार्ग ठेवला आहे. सेटिंगमध्ये जाऊन वैयक्तिक एपीआय की (पासवर्डसारखी सांकेतिक किल्ली) तयार करताना तिला फक्त वाचनाचा अधिकार देता येतो, आणि ती ठरावीक टीमपुरती मर्यादितही करता येते. अशी की ‘हेडर’ या पर्यायातून जोडणीच्या कमांडबरोबर दिली, की ब्राउझरची संमती लागत नाही आणि एजंटाच्या हाती केवळ वाचनाचा अधिकार राहतो. ज्या दूरस्थ सर्व्हरवर ब्राउझरच उघडत नाही, तिथेही हीच पद्धत उपयोगी पडते. माझ्या मते या संपूर्ण जोडणीतली सर्वात मोलाची सोय हीच आहे, आणि तिच्याबद्दल सर्वात कमी लिहिले जाते.

ती की मात्र थेट कमांडमध्ये टाइप करू नये, कारण टर्मिनलच्या इतिहासात ती जशीच्या तशी उरते. क्लॉड कोडमध्ये जोडणीच्या नोंदीचे तीन स्तर आहेत : केवळ आपल्यासाठी आणि त्या एका प्रकल्पापुरती, आपल्या सर्व प्रकल्पांसाठी, किंवा संपूर्ण संघासाठी. संघासाठीची नोंद प्रकल्पाच्या मुळाशी असलेल्या ‘डॉट एमसीपी डॉट जेसन’ या फाइलमध्ये राहते आणि ती फाइल कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये जाते. त्या फाइलमध्ये कीच्या जागी पर्यावरण-चलाचे नाव लिहिण्याची सोय आहे; म्हणजे पत्ता सर्वांसाठी एकच राहतो आणि की ज्याची त्याच्या संगणकावर. नव्या सहकाऱ्याने प्रकल्प उतरवून घेतला, की क्लॉड कोड ही जोडणी वापरू का असे त्याला आधी विचारतो. हे विचारणे मला योग्य वाटते, कारण दुसऱ्याच्या फाइलमधून आलेली जोडणी मुकाट्याने सुरू होणे धोक्याचे आहे.

आता प्रत्यक्ष उपयोगाकडे येतो. पतसंस्थेत रोजची पिग्मी गोळा करणारे प्रतिनिधी दुकानोदुकानी फिरतात, मोबाइलवर रक्कम नोंदवतात आणि कमरेला लावलेल्या छोट्या प्रिंटरवर पावती छापून देतात. एका शाखेकडून इश्यू आला होता : ‘पावती नीट उमटली नाही म्हणून परत छापली तर नंबर बदलतो. खातेदार म्हणतो दोनदा पैसे घेतले.’ एवढाच मजकूर, बाकी काही नाही. पूर्वी असा इश्यू आधी माझ्याकडून प्रोग्रामरकडे, तिथून प्रश्न घेऊन शाखेकडे आणि पुन्हा मागे असा फिरत राहायचा. या वेळी प्रोग्रामरने कोडच्या फोल्डरमध्ये क्लॉड कोड उघडून इश्यूचा क्रमांक दिला आणि तो वाचून संबंधित कोड शोधायला व अशाच जुन्या तक्रारी धुंडाळायला सांगितले. एजंटाने इश्यू वाचला, पावती छापण्याचा भाग शोधला आणि पावती क्रमांक रक्कम जतन करताना तयार होत नसून छपाईच्या फंक्शनमध्ये तयार होतो, हे ओळीच्या क्रमांकासह दाखवले. त्याचबरोबर त्याने जुना एक बंद झालेला इश्यूही समोर आणला. तो प्रिंटरची अडचण म्हणून बंद केलेला होता आणि त्यातही क्रमांक जुळत नसल्याचा उल्लेख होता.

हा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कोडमधली चूक अनुभवी प्रोग्रामरला सापडलीच असती. परंतु वेगळ्या शब्दांत लिहिलेली, वेगळ्या कारणाखाली बंद झालेली तक्रार आताच्या तक्रारीशेजारी आणून ठेवणे हे माणसाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहिलेले काम आहे, आणि जुने सहकारी सोडून गेले की ती स्मृतीही त्यांच्याबरोबर जाते. इश्यूंचा साठा आणि कोड हे दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर असलेला वाचक संघाला मिळतो, हा या जोडणीचा खरा लाभ आहे. लिनिअरच्या पडद्यावर शोध घेऊन किंवा एआयच्या वेगळ्या खिडकीत मजकूर चिकटवून हा लाभ मिळत नाही, कारण तिथे दोहोंपैकी एकच बाजू दिसत असते.

अर्थात, साठ्यात जे लिहिलेले आहे तेच एजंट वाचणार. ज्या इश्यूंत ‘चालत नाही, बघा’ एवढेच लिहिलेले असते, त्यांच्यापुढे तोही अडतो.

लिहिण्याच्या परवानगीबद्दल मी सुरुवातीलाच मत दिले, त्याची कारणे आता मांडतो. इश्यूची स्थिती बदलणे, म्हणजे ‘काम चालू’ वरून ‘पूर्ण’ वर नेणे, हे काम एजंटाकडे द्यावे असे पहिल्यांदा प्रत्येकाला वाटते. पण लिनिअरची गिटहब या कोड ठेवण्याच्या सेवेशी जोडणी असेल तर त्याची आवश्यकताच राहत नाही. ब्रँचच्या (कोडच्या स्वतंत्र शाखेच्या) नावात इश्यूचा क्रमांक असला, की लिनिअर पुल रिक्वेस्टला (तो बदल मुख्य कोडमध्ये विलीन करण्याच्या विनंतीला) त्या इश्यूशी आपोआप जोडते, आणि ती विलीन झाली की ठरवून दिलेल्या नियमाप्रमाणे इश्यूची स्थिती बदलते. स्थिती ही प्रत्यक्ष घडलेल्या घटनेवरून बदलली पाहिजे. काम झाले आहे असे एजंटाला वाटले, या आधारावर ती बदलणे आणि विलीन झालेल्या कोडवरून ती बदलणे यांत विश्वासार्हतेचा मोठा फरक आहे. सायकलच्या शेवटी संचालकांना जो आकडा दाखवायचा असतो तो या स्थितींवरूनच निघतो, हे उत्पादन व्यवस्थापकाने विसरून चालणार नाही.

इश्यूचे वर्णन एजंटाकडून बदलून घेण्याच्या तर मी ठाम विरोधात आहे. वर्णन बदलण्याच्या क्रियेत नवा मजकूर जुन्याच्या जागी बसतो. शाखेतल्या माणसाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली तक्रार हा पुरावा असतो आणि तो नीटनेटक्या परिच्छेदांत रूपांतरित झाला की त्यातला बारकावा हरवतो. वरच्याच उदाहरणात ‘खातेदार म्हणतो दोनदा पैसे घेतले’ या वाक्यामुळे आम्ही त्या इश्यूला तातडीचा ठरवले. ‘पुनर्मुद्रणानंतर क्रमांकात तफावत’ अशा शीर्षकाखाली तो कित्येक दिवस पडून राहिला असता. एजंटाला काही मांडायचेच असेल तर ते टिप्पणीच्या रूपात, मसुदा म्हणून टर्मिनलमध्ये दाखवून, माणसाने वाचून झाल्यावर इश्यूत यावे. एआयच्या मसुद्यात पुरावा आणि अनुमान एकाच आत्मविश्वासाने लिहिलेले असू शकतात, त्यामुळे हे वाचन वरवरचे असून चालत नाही.

ज्यांना टिप्पणी लिहिण्याइतकी मोकळीक ठेवायची आहे, त्यांच्यासाठी क्लॉड कोडमधली परवानग्यांची व्यवस्था पुरेशी बारीक आहे. सेटिंगच्या फाइलमध्ये प्रत्येक क्रियेसाठी मुभा, विचारणा किंवा मनाई असे तीन प्रकार ठरवता येतात, आणि एकाच क्रियेवर दोन नियम लागू होत असतील तर मनाईचा नियम वरचढ ठरतो. यादी पाहणे आणि इश्यू वाचणे यांना मुभा, टिप्पणीसाठी विचारणा आणि नवा इश्यू तयार करणे किंवा जुना बदलणे यांना मनाई, अशी आमची मांडणी आहे. तरीही मला वाचनापुरती की अधिक भरवशाची वाटते. सेटिंगमधला नियम आपल्या संगणकावर असतो आणि तो कोणीही शिथिल करू शकतो. कीचा अधिकार लिनिअरच्या बाजूला तपासला जातो, त्यामुळे टर्मिनलवर काहीही घडले तरी तो वाढत नाही.

सुरक्षेचा प्रश्न यापुढे जातो. इश्यूचा मजकूर आपण वाचतो तेव्हा तो केवळ माहिती असतो, पण एजंटाच्या दृष्टीने सूचना आणि माहिती यांमधली सीमा पक्की नसते. ग्राहकाच्या ईमेलमधून तयार झालेल्या इश्यूत कोणी एजंटाला उद्देशून आदेश लिहून ठेवला, तर तो पाळला जाण्याची शक्यता गृहीत धरली पाहिजे. मे 2025 मध्ये इन्व्हेरिअंट लॅब्ज या संस्थेच्या संशोधकांनी गिटहबच्या एमसीपी सर्व्हरचा आधार घेऊन हे दाखवून दिले होते : सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) टाकलेल्या एका इश्यूमुळे तो वाचणारा एजंट खासगी रिपॉझिटरीतली माहिती उघड करू शकतो. लिनिअरमधले इश्यू बाहेरच्यांना दिसत नसले, तरी बाहेरच्यांचा मजकूर त्यांत येत असेल तर धोका त्याच जातीचा आहे. म्हणून अप्रमाणित तक्रारी आधी माणसाने चाळाव्यात, आणि ज्या सत्रात एजंट त्या वाचतो आहे त्या सत्रात त्याला इंटरनेटवर माहिती पाठवण्याची किंवा वाटेल ती कमांड चालवण्याची मोकळीक ठेवू नये.

पतसंस्थांच्या कामात आणखी एक जबाबदारी येते. शाखेतले कर्मचारी इश्यू लिहिताना खातेदाराचे नाव, खाते क्रमांक, कधी कधी मोबाइल क्रमांकही सहज लिहून जातात, आणि एजंटाने इश्यू वाचला म्हणजे तो मजकूर मॉडेलकडे जातो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे 2023 मध्ये झालेला आहे. त्यापूर्वीही ठेवीदारांचा विश्वास हीच पतसंस्थेची पुंजी होती. आम्ही इश्यू भरण्याच्या नमुन्यातच खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक पुरेसे आहेत असे नमूद केले, आणि हे काम जोडणी करण्याआधी केले.

मराठीत काम करणाऱ्यांना दोन गोष्टी विशेष जाणवतील. पहिली म्हणजे देवनागरी मजकुराला तेवढ्याच आशयाच्या इंग्रजी मजकुरापेक्षा अधिक टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचते ते तुकडे) लागतात, त्यामुळे लांबलचक मराठी इश्यूंची मोठी यादी एकदम मागवली की एजंटाची स्मरणमर्यादा लवकर भरते. यादी मागताना टीम, सायकल आणि स्थिती यांची गाळणी लावणे म्हणूनच आवश्यक ठरते. एमसीपी सर्व्हरचे एखादे उत्तर 10,000 टोकनांच्या पुढे गेले, की क्लॉड कोड इशारा देतो, आणि त्याची मूळ कमाल मर्यादा 25,000 टोकनांची आहे. दुसरी गोष्ट टर्मिनलची. बरेचसे टर्मिनल प्रोग्राम प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतात, त्यात ‘शिल्लक’ मधली वेलांटी अक्षरापासून सुटते आणि ‘रक्कम’ मधले जोडाक्षर तुटते. मजकूर बिघडलेला नसतो, केवळ दिसायला तसा असतो. पण मसुदा बारकाईने वाचणे हीच आपली मुख्य जबाबदारी असताना तो नीट दिसू नये, ही मोठी गैरसोय आहे. यावर उपाय म्हणून मसुदा फाइलमध्ये लिहायला सांगावा आणि ती फाइल एडिटरमध्ये उघडून वाचावी.

शोधाबाबतही एक सूचना प्रकल्पाच्या ‘क्लॉड डॉट एमडी’ या फाइलमध्ये कायमची लिहून ठेवण्यासारखी आहे. एकच गोष्ट कोणी ‘पावती’ लिहितो, कोणी ‘रिसीट’, कोणी रोमन लिपीत. ‘हप्ता’ आणि ‘इन्स्टॉलमेंट’ यांचेही तेच. एजंटाने प्रत्येक शोध या सर्व रूपांनी घ्यावा असे त्या फाइलमध्ये उदाहरणांसह लिहिले, की प्रत्येक सत्राच्या आरंभी ती सूचना त्याच्यापुढे असते आणि निकालांत लक्षणीय फरक पडतो.

दुसरे पर्याय काय, असा प्रश्न साहजिक आहे. ज्यांचे इश्यू गिटहबवरच आहेत त्यांना एमसीपीची आवश्यकता नाही. गिटहबची ‘जीएच’ ही अधिकृत कमांड 2020 पासून उपलब्ध आहे, इश्यूंची यादी ती जेसन या प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या स्वरूपात देते आणि एजंट ती सराईतपणे चालवतो. कमांडचा एक फायदा असा, की ती चालवेपर्यंत एजंटाच्या स्मरणात जागा अडत नाही, तर एमसीपीमध्ये उपलब्ध क्रियांची वर्णने सत्राच्या सुरुवातीलाच जागा घेत असत. क्लॉड कोडच्या नव्या आवृत्त्यांत गरजेनुसार क्रिया शोधून घेण्याची सोय आल्यामुळे हा फरक कमी झाला आहे. जिरा वापरणाऱ्यांसाठी ॲटलासियनने एमसीपी सर्व्हर आणि स्वतंत्र कमांड, दोन्ही उपलब्ध केले आहेत. लिनिअरचा भर मात्र एमसीपीवर आहे. जोडणी करण्यासाठी साधनच बदलावे, असे मी कोणाला सांगणार नाही.

एकदा नियम पक्के झाले, की क्लॉड कोडला संवादाशिवाय, एकाच कमांडमध्ये प्रश्न देऊन चालवता येते. सोमवारी सकाळी चालू सायकलमधले रखडलेले इश्यू, त्यांच्यावरची शेवटची टिप्पणी आणि संबंधित ब्रँचमधली शेवटची नोंद असा तक्ता तयार करून तो फाइलमध्ये ठेवण्याचे काम आम्ही असेच करतो. त्या कमांडला परवानगी दिलेल्या क्रियांची यादी जोडावी लागते, आणि ती केवळ वाचनाच्या क्रियांचीच असावी, कारण त्या वेळी समोर कोणी बसलेले नसते.

खर्चाबद्दल सांगायचे तर लिनिअरची मोफत योजना 250 इश्यूंपर्यंत चालते, त्यामुळे आधी लहान प्रकल्पावर जोडणी पारखून पाहता येते. क्लॉड कोड मोफत खात्यात मिळत नाही. महिन्याला 20 डॉलरची प्रो योजना ही त्याची सुरुवातीची पायरी आहे. प्रोग्रामर क्लॉड कोड आधीपासून वापरत असतील, तर जोडणीचा वेगळा खर्च मुख्यतः टोकनांच्या वापरापुरता राहतो. उत्पादन व्यवस्थापकाने केवळ लिनिअरशी बोलण्यासाठी तो घ्यावा असे मात्र मी सुचवणार नाही. कोड शेजारी नसेल तर या जोडणीचा निम्मा उपयोग नाहीसा होतो.

जोडणी काढायची वेळ आली, तर ‘क्लॉड एमसीपी रिमूव्ह’ ही कमांड आपल्या संगणकावरची नोंद पुसते, पण लिनिअरच्या बाजूची संमती किंवा तयार केलेली की तिने रद्द होत नाही. त्यासाठी लिनिअरच्या सेटिंगमध्ये आपल्या खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन ती वेगळी रद्द करावी लागते, आणि संघ सोडून जाणाऱ्या सहकाऱ्यांच्या हस्तांतरणाच्या यादीत ही बाब लिहिलेली असावी.